सहाची घंटा आणि भागरथाबाईच्या बकऱ्या

चर्चच्या जुबिलीसाठी आमच्या पॅरिशचा इतिहास लिहायचा असं ठरलं, तेव्हा फादरनी मला एक जाडजूड वही आणून दिली. वहीत तारखा यायच्या होत्या. आल्या बकऱ्या!

माझा इलाज नव्हता. एखाद्याला विचारावं, इथे पहिलं घर कोणाचं, तर तो घराचं सांगता सांगता पहिल्या भांडणावर येतो, भांडणावरून विहिरीवर, आणि विहिरीवरून तिच्यात पडलेल्या बकरीवर. माणूस चहा पिऊन निघून जातो, बकरी वहीत राहते. असं करत करत अर्धी वही भरली आणि तारीख म्हणून एकही सापडेना.

मी ख्रिस्ती नाही. नागपूरकडच्या बौद्ध घरातली, लग्न होऊन जबलपूरला आले आणि चर्चच्या प्रायमरी शाळेत शिकवून रिटायर झाले. इतिहास लिहायला मीच का, असं फादरना विचारलं. फादर केरळचे, त्यांची हिंदी अगदी पुस्तकातली. म्हणाले, "आप किसी पक्ष की नहीं हैं, और आपकी लिखावट सुंदर है." यातलं दुसरं कारण खरं होतं.

* * *

आज आमच्या इथे ड्यूप्लेक्स आहेत, जिम आहे, केकची दोन दुकानं आहेत. आम्ही प्लॉट बघायला आलो तेव्हा काय होतं, ते ऐका.

माझे मिस्टर कारखान्यात होते. त्यांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून माळावर जागा घेतली होती. ओमतीहून ऑटो केला. घमापूरपर्यंत ऑटोवाला भरपूर गप्पा मारत होता. कांचघर आलं तसा गप्प झाला. आणि डांबर संपलं तिथे त्याने इंजिनच बंद केलं.

"आगे तो कुछ है ही नहीं, बहनजी," तो म्हणाला. "एक गिरजाघर है, वो भी अकेला."

खोटं नव्हतं. नुसता मुरूम, बोरीची झुडपं, थोडे पळस आणि झोपडीएवढाले काळे दगड. मधोमध पांढरं चर्च, आणि आजूबाजूला नजर पोचेल तिथवर माणूस नाही. मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की हे बांधलं कोणासाठी? पुढे ओळख झाल्यावर तेव्हाच्या फादरना विचारलंसुद्धा. म्हातारे होते, हसले. लोक आधी आणि चर्च नंतर असं प्रत्येक ठिकाणी कशाला पाहिजे, लोक येतील की, असं म्हणाले.

आम्ही प्लॉटचे चार कोपरे शोधत होतो. तीनच सापडत होते. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. संध्याकाळचे सहा. आणि त्या ओसाड माळाच्या चारी बाजूंनी, दगडांमागून, झुडपांतून बकऱ्या निघाल्या! कोणी हाकत नव्हतं. आपापल्या वाटेने, ठरल्यासारख्या चर्चकडे निघाल्या.

मिस्टर म्हणाले, "बघ, भक्त आले."

* * *

बकऱ्या भागरथाबाईच्या. त्यांचा नवरा गवंडी होता. चर्च बांधायला गोंदियाकडून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने दोघं आले होते. चर्च झालं, भोवतीची दगडी भिंत झाली, आणि त्यानंतर लवकरच तो तापाने गेला. म्हाताऱ्या फादरनी भिंतीला लागून असलेली खोली भागरथाबाईला राहायला दिली. त्याही ख्रिस्ती नव्हत्या. खोलीत त्यांचा देव, कुशीत सुरेश नावाचं पोर आणि दाराशी बकऱ्या.

मला त्या घंटेचं कोडं उलगडेना. शेवटी विचारलंच, की बकऱ्या हाकेवर येतात हे ठाऊक आहे, पण घंटेवर कशा?

"मी काहून बोंबलू, मास्तरीणबाई?" त्या म्हणाल्या. "जोसेफ वाजवूनच राहिला न रोज."

जोसेफ म्हणजे चर्चचा घंटा वाजवणारा, झाडणारा, दिवे लावणारा माणूस. फादर बदलत राहतात, जोसेफ बदलत नाही. घंटा दिवसातून एकदाच, सहाला. ती वाजली की भागरथाबाई दगडी कुंडीत कोंडा ओतायच्या. महिनाभरात बकऱ्या शिकल्या.

कोंडा खाता खाता त्या प्रत्येकीच्या पाठीला बोट लावून मोजायच्या. वीस झाल्या की एक कोडी, मग पुन्हा एकपासून. "एक कोडी आन् सात," असं काहीतरी मोठ्याने म्हणायच्या, म्हणजे दिवस संपला. आकडा कमी भरला तर जोसेफकडे बघायच्या. "एक कमी हाये. वाजव अजून." आणि जोसेफ पुन्हा घंटा वाजवायचा! चुकार बकरी येईपर्यंत दोनदा, कधी तीनदा.

माझे मिस्टर त्या घंटेवर घड्याळ लावत. बरीच वर्षं आमच्या घरात नक्की सहा कधी वाजले ते कोणाला सांगता आलं नाही.

* * *

सुरुवातीला पोस्टमन माळावर यायचा नाही. सगळ्यांची डाक चर्चमध्ये टाकून परत. रविवारी प्रार्थना संपली की जोसेफ उभा राहून नावं वाचायचा, आणि नावाच्या माणसाने "हाजिर" म्हणून पत्र घ्यायचं.

त्यामुळे रविवारी अख्खा माळ चर्चमध्ये. आम्ही बौद्ध, शेजारचे हिंदू, एक सरदारजी, सगळे मागच्या बाकांवर. प्रार्थना चालू असताना आम्ही शांत बसायचो, उभं राहा म्हटलं की उभे राहायचो. सरदारजींना तर गाणीसुद्धा पाठ झाली होती.

एका रविवारी न कळवता बिशप आले. माळावरचं चर्च रिकामं असेल असं त्यांनी ऐकलं होतं, आणि इथे तर बसायला जागा नाही. फार खूश झाले. प्रार्थना झाल्यावर मागे आले, माझ्या मिस्टरांचा हात हातात घेऊन प्रेमाने विचारलं, की तुम्हाला इथे यायची ओढ कधीपासून लागली.

मिस्टर सरळ माणूस. म्हणाले, "जी, जब से साले ने इंटरव्यू दिया है. उसका कॉल लेटर आना है."

बिशप स्वतः जोसेफजवळ गेले आणि पत्रांचा गठ्ठा मागून घेतला. त्या दिवशी सगळ्यांची नावं बिशपनी वाचली. मिस्टरांचं पत्र काही आलं नाही, पण बिशपनी गठ्ठा दोनदा तपासला.

* * *

नाताळचा किस्सा जोसेफ अजून सांगू देत नाही. म्हणून सांगतेच.

घरं पंधरावीस झाली होती. त्या वर्षी फादरना वाटलं, मातीच्या बाहुल्या पुरे, खरी गव्हाण करू. बाळ मिळालं, मेरी मिळाली, मेरीचा नवरा जोसेफ, त्याच्या जागी आमच्या जोसेफलाच उभं केलं. मेंढरं मिळेनात. अख्ख्या घमापुरात चौकशी झाली. शेवटी भागरथाबाईने तीन बकऱ्या दिल्या, त्यांत त्यांची लाडकी चांदी. अंगाला कापूस चिकटवून त्यांची मेंढरं केली. पळून जाऊ नयेत म्हणून दोऱ्या गव्हाणीच्या खांबाला बांधल्या. सगळं झकास.

फक्त एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. कार्यक्रम सहाला होता.

घंटा वाजली. जोसेफ गव्हाणीत, म्हणून त्या दिवशी ती फादरनीच वाजवली. तिन्ही मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि कुंडीकडे धाव घेतली. मागोमाग खांब, खांबामागे छप्पर, छपरामागे हातात काठी घेतलेला आमचा जोसेफ! दूरदेशीचे तीन राजे बाजूला झाले म्हणून वाचले. मेरीने मात्र बाळ सोडलं नाही, आणि बाळही रडलं नाही. त्याच्यासाठी तो कार्यक्रमच होता.

भागरथाबाई कुंडीपाशी कोंडा घेऊन उभ्याच होत्या. त्यांना यात काही चुकलं असं वाटलंच नाही. बोट लावून मोजलं आणि म्हणाल्या, बरोबर हायेत सगळ्या.

* * *

मग माळ भराभर संपला. हे कधी झालं, ते मला वहीसाठी शोधूनही नीट सांगता येत नाही. एक दगड सुरुंगाने फोडला, मग दुसरा. बोरी गेल्या, पळस गेले, आणि शेवटचं झाड पाडल्यावर बिल्डरने कॉलनीच्या नावात ग्रीन हा शब्द घातला. गल्ल्यांना नंबर आले. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं. मी रोज चालणारी बाई, पण दोनदा दुसऱ्याच्या फाटकाला किल्ली लावली आहे.

कॉलनीची सोसायटी झाली आणि तिवारीजी तिचे अध्यक्ष झाले. बँकेतून रिटायर झालेला, नियमाने चालणारा माणूस. त्यांनी फादरना भेटून सांगितलं, की संध्याकाळी घंटेचा फार आवाज होतो, मुलांचे ऑनलाइन क्लास असतात. भांडले नाहीत, फार अदबीने बोलले. फादरही भिडस्त. घंटा बंद केली.

भागरथाबाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. तेव्हा बकऱ्या बारा उरल्या होत्या, रिकाम्या प्लॉटवर चरायच्या. त्यांचा आवाज बसला होता.

"हाका मारून मारून गळा गेला," त्या म्हणाल्या. "त्याहिले माहा आवाजच ठाऊक नाही, मास्तरीणबाई. आता कशा येतीन?"

मला फार वाईट वाटलं. तीस वर्षांत त्या बाईला कधी ओरडावं लागलं नव्हतं, आणि आता ओरडून उपयोग नव्हता. मी अर्ज लिहायला कागद काढला. पण माझ्याआधी बकऱ्यांनीच काम केलं.

सहा वाजले की त्या अस्वस्थ व्हायच्या, आणि घंटा नाही म्हटल्यावर वाट फुटेल तिकडे जायच्या. एक जिमच्या आरशासमोर सापडली. दोन केकच्या दुकानात. चांदीची नात तिवारीजींच्या गच्चीवर चढली आणि त्यांनी जपलेले सगळे गुलाब खाऊन तिथेच बसून राहिली. उतरायला तयार नाही. आठ दिवस असं चाललं.

नवव्या दिवशी तिवारीजी माझ्या दारात, हातात कागद. अर्ज होता, फादरच्या नावाने. मी सुंदर अक्षरात उतरवून द्यावा अशी विनंती. सोसायटीच्या सर्व सदस्यांच्या वतीने घंटा पूर्ववत सुरू करावी, असा मजकूर. खाली तिवारीजींनी एक ओळ स्वतःच्या हाताने घातली होती: "समय का विशेष ध्यान रखा जाए."

* * *

इतिहासात नकाशा पाहिजे, असं फादर म्हणाले. जुना माळ कसा होता ते कोणाला ठाऊक? एकट्या भागरथाबाईला. तेव्हा त्यांच्या बकऱ्या संपल्या होत्या. चरायला जागाच उरली नव्हती, म्हणून सुरेशने येऊन शेवटच्या चार विकून टाकल्या. तो नागपूरला नोकरीला. आई, चल माझ्याकडे, असं दर सणाला म्हणायचा आणि दर सणाला एकटाच परत जायचा.

मी वही घेतली आणि भागरथाबाईला घेऊन कॉलनीत निघाले. गल्लीचा नंबर त्यांना एकही सांगता येईना, पण पाय बरोबर पडत होते. एटीएमसमोर थांबून म्हणाल्या, इथं पाणी साचे. जिमपाशी म्हणाल्या, इथून डाव्या अंगाने बोरी. मी लिहीत गेले. एवढा मोठा माळ जमिनीखाली शाबूत आहे आणि मी त्याच्यावरून रोज दूध आणायला जाते, हे मला त्या दिवशी कळलं. मजा वाटत होती, आणि थोडी शरमही.

नऊ नंबरच्या गल्लीत एका फाटकावर हात ठेवून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "इथं चांदी याली. दोन पिल्लं झाली."

आतून एक तरुण मुलगी धावत आली. मराठी घरातली, पण मराठी समजण्यापुरतीच. घाबरून मला म्हणाली, "आंटी, किसको क्या हुआ? यहाँ कौन चाँदी है?"

मी समजावून सांगितलं. तिने फाटकाकडे पाहिलं, पोर्चमधल्या कारकडे पाहिलं, मग आत जाऊन भागरथाबाईसाठी पाणी आणि लाडू घेऊन आली. बकरीचं बाळंतपण निस्तरल्यासारखं सगळं नीट केलं पोरीने.

परत येताना मात्र एक गोष्ट झाली. भागरथाबाई चौकात थांबल्या आणि त्यांना पुढे जाता येईना. चारी बाजूंना सारख्याच गल्ल्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "चर्च कोठी गेलं वं?" चर्च दोनशे पावलांवर होतं, पण मध्ये तीन मजली घरं. ही गोष्ट मी वहीत लिहिली नाही.

* * *

त्यानंतर त्या दोनदा हरवल्या. एकदा कांचघरच्या बाजारात सापडल्या, एकदा कोणाच्या तरी पोर्चमध्ये बसलेल्या. सुरेशला फोन गेला. तो म्हणाला, आता पुरे, या वेळी नेणारच. त्याचं चुकत नव्हतं. आम्हालाही कळत होतं, की हिला एकटं ठेवणं बरं नाही. पण ही बाई ही जागा सोडून जगायची नाही, हेही कळत होतं, आणि ते कोणी बोलत नव्हतं.

सुरेश आला. पाचच्या सुमाराला गाडीसाठी निघायचं होतं. त्याने ट्रंक भरली, ऑटो आणून फाटकाशी उभा केला, ट्रंक आत ठेवली. आईला हाक मारायला गेला तर खोली रिकामी.

सगळे निघाले. तिवारीजींनी स्कूटर काढली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला. मी बोरींच्या जागी गेले, पाण्याच्या जागी गेले, चांदीच्या फाटकाशी गेले. ती लाडूवाली पोरगीही माझ्याबरोबर शोधायला लागली. कुठे नाही. सुरेश चर्चच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "मीच घालवली तिले. सकाळी ट्रंक पाहून काही बोललीच नाही."

साडेचार वाजले होते. जोसेफ उठून आत गेला. फादर म्हणाले, "जोसेफ, अभी छह नहीं बजे."

जोसेफने घंटा वाजवली.

भलत्या वेळेला घंटा, म्हणून घराघरातून लोक बाहेर आले. काय झालं, कोण गेलं, विचारत विचारत चर्चच्या अंगणात जमले. दहाएक मिनिटं झाली. मग सात नंबरच्या गल्लीतून भागरथाबाई आल्या. भराभर चालत, पदर खोचलेला, चुकल्यामुकल्याचा काही भाव नाही. आमच्यापैकी कोणाकडे न बघता थेट खोलीत गेल्या, कोंड्याचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि तळाला उरलेला मूठभर कोंडा त्यांनी कुंडीत ओतला.

मग मान वर केली. अंगण भरलेलं होतं. जवळ उभ्या असलेल्या फादरच्या खांद्याला त्यांनी बोट लावलं. मग मला. मग लाडूवाल्या पोरीला. ओठ हलत होते. तिवारीजींच्या पोटाला बोट लागलं, ते हलले नाहीत. लोक आपसूक रांगेत उभे राहिले. एक कोडी झाली, पुन्हा एकपासून सुरू झालं. शेवटी फाटकाशी सुरेश होता. त्याच्याही खांद्याला बोट लागलं.

सुरेश बाहेर गेला. ऑटोतून ट्रंक उतरवली, ऑटोवाल्याला जायला सांगितलं, ट्रंक कुंडीपाशी आणून ठेवली आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला.

भागरथाबाई जोसेफकडे बघत होत्या.

"एक कमी हाये," त्या म्हणाल्या. "वाजव अजून."